दुर्गावहिनींनी आंबट सोडलं

आमच्या दुर्गावहिनींच्या कनवटीला सदा चार आमसुलं असायची. बायका कनवटीला सुपारी ठेवतात, तपकीर ठेवतात, ह्यांची आमसुलं. विहिरीवर पाणी ओढताना, भात कांडताना, सोवळ्यातून बाहेर आल्या की पहिल्यांदा, एक काढायचं आणि गालात धरायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, थोरल्या जाऊबाईंची दाढ दुखते. चार दिवसांनी कळलं की दाढबीढ काही नाही, ही बाई आंबटावर जगते.

मी काशी, त्यांची धाकटी जाऊ. आमचे हे मुंबईला कचेरीत नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचे. थोरले माधवभावोजी नारळी-पोफळीची वाडी बघायचे. बोर्लीपासून समुद्राच्या अंगाला अर्ध्या तासावर आमचं घर, आणि घरात दिवसभर आम्ही दोघीच. मी पटकन चिडणारी, पटकन रडणारी. वहिनी दोन्हीपैकी काही नाही. त्या चुलीपुढे बसल्या की तोंडाने बोलत नसत, हाताने बोलत. मीठ वाढ म्हणायचं असेल तर चिमूट दाखवायच्या.

थंडी पडली, मार्गशीर्ष लागला, की ह्या बाईला उधाण यायचं. परसात ईडलिंबू, महाळुंग, कागदी लिंबं, आणि विहिरीजवळ ते लाल पपनसाचं झाड. बाहेरून इतर पपनसांसारखंच हिरवं-पिवळं, सोललं की आत लालभडक. पहिल्यांदा सोललं तेव्हा माझं बोट कापलं असं वाटून मी बोट तोंडात घातलं होतं, आणि वहिनी अर्धा दिवस हसत होत्या. ईडलिंबाचं लोणचं, महाळुंगाचा मुरंबा, लिंबाच्या सालींचं गोडं लोणचं, पपनसाचं मोहरी फेसून रायतं. सगळ्यांत वरचढ म्हणजे पाकातलं पपनस. ते करायला दिवस जायचा. एकेक फोड सोलायची, तिच्या अंगावरचं पांढरं पापुद्र्यासकट काढायचं, कारण एक पापुद्रा राहिला तरी सगळं कडूजहर. मग साखरेचा पाक, त्यात ईडलिंबाचा रस, दोन लवंगा, आणि त्या लाल फोडी अलगद सोडायच्या. बोर्लीच्या बाजारात कुणी भेटलं तरी विचारायचं, "काय काशीबाई, झालं का पपनस?" माझी कुणी विचारपूस करत नसे, पपनसाची करत.

अशा बाईने सत्तावन्न साली आंबट सोडलं.

कारण सांगते. त्यांची एकुलती एक लेक गोदू मुरुडला दिली होती, दिघीची खाडी ओलांडून पलीकडे. पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसऱ्या खेपेला सातव्यात झालं आणि रडलंच नाही. दोन्ही वेळा वहिनी गेल्या आणि परत आल्या, आणि आल्यावर मला म्हणाल्या, "काशी, दुधाला विरजण लावलंयस का?" एवढंच. त्यानंतर ह्या तिसऱ्या खेपेची बातमी आली, त्या संध्याकाळी देवापुढे निरांजन लावून त्यांनी कनवटीची आमसुलं सोडून ठेवली. म्हणाल्या, "गोदूची सुखरूप सुटका होईस्तोवर आंबट जिभेला लावणार नाही." मी म्हटलं, "अहो वहिनी, गोड सोडा, भात सोडा. आंबट सोडून तुम्ही जगाल कशा?" तर म्हणाल्या, "जे सोडून जगता येतं ते सोडण्यात कसला गं नवस?"

आणि पाळला हो त्यांनी! ताक नाही, आमटीत चिंच पडायच्या आधी स्वतःपुरती वाटीभर बाजूला. मला त्यांच्या समोर भातावर लिंबू पिळायचीही चोरी.

चौथा महिना लागला आणि गोदूचं पत्र आलं. 'आई, पोटात काही ठरत नाही. आपल्या विहिरीजवळच्या पपनसाचं पाकातलं डोळ्यांपुढे दिसतं. पाठवशील का?' लेकीचे डोहाळे म्हणजे माहेराला आज्ञाच. वाडीत शिंपणं करणारा आमचा रावजी दुसऱ्या दिवशी पहाटे मुरुडला मेव्हण्याकडे निघणार होता. वहिनींनी लगेच झाडाखाली शिडी लावायला सांगितली.

दुपारभर फोडी सोलल्या. पितळेचं मोठं पातेलं काढलं. दिवाळीनंतर बोर्लीच्या कल्हईवाल्याकडून कल्हई करून आणलेलं, आतून पांढरंशुभ्र. पाक झाला, फोडी पडल्या, वास दारापर्यंत गेला. पण चाखणार कोण? वहिनींचा नवस. मी हात पुढे केला तर माझ्या हातावर चापट मारली. "डोहाळकरणीच्या आधी कुणी उष्टं करायचं नाही." तेव्हा ते सगळं त्यांनी नुसत्या वासावर आणि बोटांवर केलं. मग देवाला दिवा लावायला उठल्या आणि मला म्हणाल्या, "ढवळत राहा. तळाला लागू देऊ नकोस."

मी ढवळत होते. पण मुंबईहून ह्यांचं पत्र आलेलं माझ्या कमरेला होतं, आणि ते मी तिसऱ्यांदा उघडलं. जरासं तळाला धरलं. जास्त नाही, खरंच नाही. वहिनींनी वास ओळखला, वरचं वरचं बरणीत काढलं आणि बरणीच्या तोंडाला फडकं बांधून ठेवलं. पातेलं राहिलं मला घासायला.

आता माझी अक्कल ऐका. जळका पाक राखेने निघेना, नारळाच्या सोडणाच्या काथ्याने निघेना. वहिनींची सक्त ताकीद होती की कल्हईच्या भांड्याला शिंपला लावायचा नाही. पण दिवेलागण झालेली, हात गारठलेले, माझा जीव वैतागलेला. घेतला शिंपला आणि खरडलं. काळं गेलं आणि त्याच्याबरोबर पांढरंही गेलं. तळाला माझ्या तळहाताएवढं पितळ पिवळंधमक दिसायला लागलं. पातेलं पालथं घातलं, कोपऱ्यात ढकललं, आणि मनात म्हटलं, बघू उद्या.

उद्या उजाडला. रावजी पहाटेच बरणी घेऊन गेलेला. आठाच्या सुमाराला वहिनींनी पातेलं उचललं आणि तशाच खाली बसल्या.

"काशी! अगं काशी, कल्हई गेलीय ह्याची!"

मी ओसरीवर होते. तिथेच खिळले.

"ह्यात शिजवलं मी? एवढं आंबट? अगं, मी तळ बघितलाच नाही नीट. फोडींकडे बघत होते. कळकलं असेल गं ते सगळं. विष झालं असेल. माझ्या हाताने मी पाठवलं…"

ज्यांनी घरात स्टीलचीच भांडी बघितली त्यांना सांगायला हवं. कल्हई गेलेल्या पितळेत आंबट घातलं की ते कळकतं, हिरवट होतं, खाणाऱ्याला उलट्या होतात. आमच्या लहानपणी एका पंगतीची पंगत कढीने आडवी झालेली मी ऐकली होती. आणि इथे तर पोटुशी लेक, दोनदा रिकामी झालेली.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. 'वहिनी, कल्हई मी काल घासताना घालवली, शिजवताना धड होती.' एवढंच म्हणायचं होतं. पण शिंपल्याचं नाव काढायचं म्हणजे तळाला का लागलं ते निघणार, ते निघालं की पत्राचं निघणार. बावीस वर्षांची होते मी, आणि भित्री. मला वाटलं, जाऊ दे, बरणी परत आणली की झालं. एवढ्यात भावोजी आले, त्यांनी शेजारच्या धर्माजीची गाडी जोडायला सांगितली, आणि वहिनी पदर खोचून म्हणाल्या, "काशी, तूही चल."

गाडीत बसले तेव्हाही मला बोलता आलं असतं. पण बैल जोडून, धर्माजीला भाताच्या मळणीवरून उठवून आणल्यावर आता कसं सांगू? प्रत्येक पावलागणिक सांगणं अवघड होत गेलं. वहिनी गाडीवानाच्या पाठीशी बोलत होत्या, "धर्माजी, जरा हाक रे लवकर."

"हाकतंय की बाय. बैल हायेत, आगबोट न्हाय."

"रावजी किती पुढे असेल?"

"रावजी? तो वाऱ्यावानी चालतो. दिघीला पोचून इडी ओढत बसला आसंल."

तसं असतं तर बरं होतं. दिघीच्या धक्क्यावर आलो तर रावजीची होडी केव्हाच आगरदांड्याला लागलेली, आणि ओहोटी. होडीवाला चिखलाकडे बोट दाखवून म्हणाला, "पानी भरल्याबिगर न्हाय सुटनार." दोन तास! वहिनी धक्क्यावरच्या दगडावर बसल्या, खाडीकडे तोंड करून. पलीकडचा किनारा दिसत होता, माणसं मुंगीएवढी चालताना दिसत होती. त्यातला प्रत्येक माणूस त्यांना रावजी वाटत होता.

"तो मुरुडला अकराला पोचेल," त्या म्हणाल्या. "आधी मेव्हण्याकडे जाईल का गोदूकडे?"

"मेव्हण्याकडे," मी म्हटलं.

"नाही गं. रावजी जबाबदार माणूस. आधी आपलं काम करेल." आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रावजीच्या जबाबदारपणाचा राग येत होता. "तिला भूक असेल. फडकं सोडल्या सोडल्या ती खाईल. लहानपणी बरणीत हात घालायची, माहितेय तुला? मी रागवायचे."

मला राहवेना. मी म्हटलं, "वहिनी…"

"बोलू नकोस. मी जप करतेय."

आणि मी गप्प बसले! त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे. मला गप्प बसायला निमित्तच हवं होतं. त्या दोन तासांत मी मनाशी काय काय घोळवलं ते सांगते. म्हटलं, बरणी मिळाली की फेकून देऊ, गोदूला दुसरं करून पाठवू, झाडाला अजून बारा फळं आहेत. मग म्हटलं, कोण जाणे, कल्हई आधीच उडालेली असेल, काळ्याखाली मला कुठे दिसली होती? आपलाच गुन्हा आपल्यालाच कमी करून दाखवायला मन किती हुशार असतं! पण मला दिसली होती. शिंपल्याच्या पहिल्या ओढीला खालून पांढरी रेघ निघाली होती, मग ती गेली.

होडी सुटली, लागली. आगरदांड्याहून मुरुडपर्यंत टांगा मिळाला. गोदूच्या दारात पोचलो तेव्हा तीन वाजले होते. आत शिरलो तर गोदू पडवीत पाटावर, मांडीवर वाटी, आणि वाटीत लाल फोडी.

"आई? तू कशी आलीस? काकू?"

वहिनींनी तिच्या हातातली वाटी ओढली. "किती खाल्लंस?"

"दोन फोडी. का?"

"मळमळतंय का?"

"आई, मला चार महिने मळमळतंय."

गोदूच्या सासूबाई, नीराबाई, आतून आल्या. बाई तशा वाईट नव्हत्या, पण दोन नातवंडं गेल्यापासून त्यांचा आवाज कडक झाला होता. वहिनींनी काहीही न लपवता सांगितलं, भांड्याची कल्हई गेलेली होती, ते कळकलं असेल. मी असते तर दहा गोष्टी रचल्या असत्या. नीराबाई मटकन उंबऱ्यावर बसल्या. "म्हणजे? सुनेच्या पोटात विष गेलं? अहो, आईच्या हातून?"

त्या 'आईच्या हातून'ने वहिनींचा चेहरा असा उतरला की मला बघवेना.

"चव चांगली आहे हो," गोदू म्हणाली.

"डोहाळकरणीच्या जिभेचं काय सांगतेस? तुला ह्या दिवसांत मातीही गोड लागेल." वहिनींनी बरणी जवळ ओढली. "कळकलेलं चांगल्या जिभेला लगेच कळतं. कळलं तर वैद्याला बोलावता येईल, मिठाचं पाणी देऊन ओकवता येईल. कुणीतरी चाखायला हवं."

मी हात पुढे केला. एवढं तरी मी केलं. म्हटलं, "मी चाखते." मला ठाऊकच होतं त्यात काही नाही. चाखलं असतं, चांगलं आहे म्हटलं असतं, आणि सगळं मिटलं असतं, शिंपल्यासकट.

वहिनींनी माझा हात धरला. "तू नको. तुझं अजून सगळं व्हायचंय."

आणि मला काही कळायच्या आत त्यांनी फोड उचलून तोंडात घातली.

"वहिनी, थुंका! थुंका ती!" मी ओरडले. "त्यात काही नाही! कल्हई मी घालवली, काल घासताना, शिंपल्याने. शिजवताना धड होती. तुमचा नवस, वहिनी, थुंका!"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या, गालात फोड तशीच. कनवटीतली आमसुलं धरायच्या त्याच गालात. मग त्यांनी डोळे मिटले, फोड चावली आणि गिळली. डोळ्यांतून पाणी येत होतं. आंबटाने की कशाने ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

"चांगलं आहे," त्या गोदूला म्हणाल्या. "साखर थोडी कमी पडलीय. खा तू."

परतीच्या होडीत आम्ही शेजारी बसलो होतो. मी वाट बघत होते की आता फाडून खातील मला. खाल्लं असतं तर बरं झालं असतं. निम्मी खाडी ओलांडल्यावर पाण्याकडे बघत म्हणाल्या, "धक्क्यावर सांगायचंस की गं."

एवढंच. मला हुंदका आवरेना, होडीवाला बघायला लागला, तर वहिनींनी आपला पदर माझ्या डोक्यावरून घेतला.

मग सुरू झालं माझं. नवस मोडला होता, आणि मोडायला लावला होता मी. पौष गेला, माघ गेला, मुरुडहून पत्र आलं की मला ते उघडवत नसे. वहिनींनी त्या दिवसानंतर पुन्हा आंबट बंद केलं, जणू मधे काही झालंच नाही, पण देवापुढे त्यांचा वेळ वाढला. गोदूला सातव्यात माहेरी आणलं. सातवा म्हणजे मागच्या खेपेचा महिना. गोदू जिन्यावरून उतरताना 'आई गं' म्हणाली तरी माझ्या हातून भांडं पडायचं. दिवसातून दहा वेळा विचारायचे, "बाळ हललं का?" शेवटी गोदूच चिडली, "काकू, आता तू विचारलंस तर मी हलणार नाही, बाळाचं सोड."

वैशाखात एका सकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. गावची सुईण जनी आली आणि तिने दार लावलं. दुपार झाली. ऊन माजघरात आलं. वहिनी आत, मी बाहेर विहिरीपाशी, पपनसाच्या झाडाला धरून उभी. झाडाला फुलं आली होती, वासाने डोकं उठलं होतं. मी त्या झाडाला सांगितलं, देवाला नाही, देवाला तोंड दाखवायची मला लाज वाटत होती. झाडाला म्हटलं, काय शिक्षा करायची ती मला कर.

आतून आधी जनीचा आवाज आला, "रड गं बाय, रड!" मग काही नाही. मग काही नाही. मला आठवतंय, विहिरीवरचा रहाट वाऱ्याने थोडा फिरला आणि थांबला. मागच्या खेपेला रडलंच नव्हतं.

आणि मग रडलं. अहो काय रडलं! बोर्लीपर्यंत ऐकू गेलं असेल. मी झाडाखालीच बसकण मारली.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी पाळण्यात घातली, नाव ठेवलं केसर. त्या दिवशी मी वाटीत आमसुलं घेऊन वहिनींपुढे ठेवली. म्हटलं, "घ्या. सुटका झाली, नवस फिटला."

त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. "फिटला कुठे? मी मोडला होता. मोडलेला असूनही देवाने पदरात घातलं. आता मी खाल्लं तर काय तोंड आहे मला?"

"वहिनी, मोडला मी. मी सोडते आंबट, जन्मभर सोडते."

"तू सोडलंस तर चाखेल कोण?" त्या म्हणाल्या. त्या बोलण्यात जराही टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच तो प्रश्न पडला होता.

आज केसर आठ वर्षांची आहे, आंबटाची इतकी वेडी की कच्ची लिंबं मीठ लावून खाते. वहिनींनी त्यानंतर आंबटाचा कण तोंडात घेतलेला नाही. दर थंडीत मात्र पातेलं निघतं. पाक तयार झाला की त्या पळीभर काढतात, फुंकर घालतात, माझ्या तळहातावर ओततात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी गिळते तेव्हा त्यांचाही घसा हलतो. ते बघणं मला अजून जमत नाही, मी पळीकडे बघते.

परवाही असंच झालं. मार्गशीर्ष, लाल फोडी, चुलीपुढे आम्ही दोघी.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

"साखर बरोबर आहे. लवंग किंचित जास्त." मग मी श्वास घेतला. "आणि तळाला जरासं लागलंय, वहिनी. ढवळायला मी होते. लक्ष नव्हतं माझं."

त्यांनी पातेलं उतरवलं आणि राखेचं डबडं माझ्याकडे सरकवलं.

"शिंपला नको हं," त्या म्हणाल्या.